वळवाचा वारा आणि नदीचा पूर : डोक्यावरचं आभाळ बघून होडी सोडू नका

संस्थेचे सर्व सभासद, होडीमालक आणि नदीकाठच्या सगळ्या घरांना.

वळवाचे दिवस सुरू झाले की संस्थेच्या कट्ट्यावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "पाऊस तर सुरूच झाला नव्हता, मग होडी कशी पलटली?" दुसरं जुलै-ऑगस्टमध्ये, "आपल्याकडे चार दिवस थेंब नाही, मग नदी कशी चढली?" दोन्हीचं उत्तर एकच आहे. वादळी वारा पावसाच्या आधी पोचतो आणि पूर दुसरीकडे पडलेल्या पावसाचा असतो. दोन्ही वेळेला आपल्या डोक्यावर आभाळ मोकळं असू शकतं. आपली माणसं नेमकी तिथेच फसतात. म्हणून आज हे जरा सविस्तर लिहितो. लांबलंय, पण घरात वाचून दाखवा.

वारा पावसाच्या आधी का येतो?

एप्रिल-मे महिन्यात जमीन दिवसभर तापते. तापलेली, दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर फुलकोबीसारखे ढग उभे राहतात. हेच गर्जमेघ. त्यांची उंची दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहून जास्त जाते. वरचा भाग पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट दिसतो.

ढगातून पाऊस पडायला लागला की थेंब खालच्या कोरड्या, गरम हवेतून येतात. येता येता त्यातले बरेच थेंब वाटेतच वाळतात. माठाच्या बाहेरचं पाणी वाळताना आतलं पाणी गार होतं, तसंच इथे हवा गार होते. गार हवा जड. ती ढगाखालून धाडकन खाली कोसळते. अंगणात वरून बादलीभर पाणी ओतलं तर ते जमिनीवर आपटून चारी बाजूंनी पळतं, तशी ही हवा जमिनीवर किंवा पाण्यावर आपटते आणि सगळीकडे पसरते. तोच आपल्याला लागणारा सोसाट्याचा वारा.

हा वारा पावसाची वाट बघत नाही. ढग अजून दहा-पंधरा किलोमीटर लांब असतो, आपल्यावर ऊन असतं, आणि वारा येऊन पोचतो. जोरदार गर्जमेघाखाली त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वरही जाऊ शकतो. सगळा खेळ कधी कधी पाच-दहा मिनिटांत संपतो. पण पाण्यावर असलेल्याला पाच मिनिटं पुष्कळ झाली.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर धक्का नऊपट. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात आपण रोज आरामात होडी चालवतो. तोच वारा ६० वर गेला की होडीवर नऊपट जोर येतो. "आम्ही लई वारं बघितलंय" म्हणणाऱ्या अनुभवी माणसाचा अंदाज इथेच चुकतो.

उजनीत काय झालं होतं

२१ मे २०२४ ची संध्याकाळ. उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे एक होडी निघाली होती. होडीत सात जण होते. मध्येच वादळी वारा सुटला, लाटा उठल्या आणि होडी उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. रोजच्या वाटेवरचा, रोजच्यासारखाच प्रवास होता तो.

त्याच्या आठच दिवस आधी, १३ मे २०२४ ला, मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर मोठा होर्डिंग कोसळून १७ माणसं दगावली. तिथेही आधी धुळीचं वादळ आलं, पाऊस मागून. समुद्रकाठ असो की भीमेचं धरण, पावसाआधीच्या या वाऱ्याची जात एकच.

धरणाच्या पाण्यावर आणखी एक गोष्ट होते. वाऱ्याला मोकळं पाणी जितकं लांबवर मिळतं तितक्या लाटा मोठ्या होतात. नदीत दोन काठांमध्ये त्याला फारशी जागा नसते. पण हिडकलसारख्या जलाशयात वारा लांबवर मोकळा धावतो. धरणाच्या लाटा समुद्रासारख्या लांब नसतात, त्या आखूड आणि उभ्या असतात. एका लाटेतून होडी सावरते तोवर दुसरी आत येते. म्हणून समुद्रात होडी चालवलेला माणूसही धरणावर गाफील राहू नये.

आपल्या कामाची वेळ आणि वळवाची वेळ एकच

ही खरी अडचण आहे. वळीव बहुतेक वेळा दुपारी तीननंतर ते रात्रीपर्यंत येतो. आणि आपण तंगूस जाळी लावायला संध्याकाळी चार-पाचला निघतो, पहाटे काढतो. म्हणजे धोक्याच्या वेळेला आपली होडी पाण्याच्या मधोमध.

यावर उपाय आहे. एप्रिल-मे आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत जाळी दुपारी दोनच्या आत लावून काठाला या. उशीर झालाच आणि ढग उभे असले, तर त्या दिवशी काठाजवळच जाळं टाका. थोडा मासा कमी मिळेल, ते मान्य. पण कटला-रोहू उद्याही पाण्यातच असतात.

आधी कसं ओळखायचं

१. गडगडाट ऐकू आला की काठाला निघायचं. पाऊस दिसायची वाट बघायची नाही. गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरच्या आतला ऐकू येतो. तुम्हाला आवाज आला, म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आलातच.

२. वीज चमकली की आकडे मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं तरी पुन्हा पाण्यात उतरू नका.

३. दिवसभर घामट उकाडा, वारा पडलेला, आणि अचानक गार झुळूक लागली, तर ती झुळूक म्हणजे त्या कोसळलेल्या हवेचं पहिलं टोक. "बरं वाटलं" म्हणून बसून राहू नका. हातात मोजकीच मिनिटं उरलेली असतात.

४. लांबवर धुळीची भिंत, किंवा पाण्यावर काळपट पट्टा सरकत येताना दिसला, की समजा वारा निघालाय.

५. मोबाईलवर हवामान खात्याचं 'मौसम' अॅप, विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अॅप आणि सरकारी इशाऱ्यांसाठी 'सचेत' ही तिन्ही फुकट आहेत. घरातल्या शिकलेल्या पोरा-पोरींना सांगून टाकून घ्या. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज देतं, वळवासाठी तोच कामाचा. सकाळच्या अंदाजावर संध्याकाळी होडी सोडू नका.

पाण्यात सापडलातच तर

- सगळ्यांनी खाली, होडीच्या तळाशी बसायचं. उभं राहायचं नाही, एका बाजूला सरकायचं नाही. होड्या उलटतात त्यातल्या बऱ्याच माणसं घाबरून उठल्यामुळे.
- होडीचं पुढचं टोक वाऱ्याकडे ठेवा. आडवी होडी लवकर उलटते. पुढच्या टोकाला लांब दोरीने बादली किंवा तोंड उघडं ठेवलेलं पोतं बांधून पाण्यात सोडलं तर ते ओढ धरतं आणि होडीचं तोंड वाऱ्याकडे राहतं.
- इंजिन असेल तर पूर्ण वेगात पळवू नका. लाट कापता येईल इतकाच वेग ठेवा.
- सगळ्यात जवळचा काठ गाठा, आपलाच घाट गाठायचा हट्ट नको. होडी मागून दुसऱ्या दिवशी आणता येते.
- जाळं ओढत बसू नका. अर्धं आत, अर्धं बाहेर असलेलं जाळं होडी आडवी करतं आणि पडल्यावर पायात अडकतं. एक सुरी कायम हाताशी बांधलेली असू द्या.
- उलटलीच, तर होडीला धरून राहा. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो आणि लाटांमध्ये पट्टीचा पोहणाराही दमतो.
- लाईफ जॅकेट अंगात असलं तरच उपयोगाचं, होडीत पायाखाली ठेवलेलं नव्हे. जॅकेट नसलेल्यांनी निदान पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, झाकण घट्ट लावून, दोरीने बांधून जवळ ठेवावेत. ही जॅकेटची बरोबरी नाही, पण धरायला काही तरी राहतं.
- काठाला लागल्यावर एकट्या झाडाखाली उभं राहू नका. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा.

आता पुराचं : पाऊस तिकडे, पाणी इकडे

पावसाळा लागला की धोका बदलतो. आपल्या सीमाभागाचा नकाशा बघा. कृष्णा महाबळेश्वरहून निघते. कराडला कोयना मिळते, सांगलीजवळ वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा. पुढे चिकोडी तालुक्याच्या हद्दीवर वेदगंगेचं पाणी घेऊन आलेली दूधगंगा मिळते. एवढ्या सगळ्या नद्या घाटमाथ्यावरचा पाऊस गोळा करून आपल्या दारात आणतात. घटप्रभा आंबोलीच्या बाजूने येते आणि मलप्रभा खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीहून.

अथणी तालुका कमी पावसाचा म्हणून ओळखला जातो. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये चिकोडी, रायबाग, अथणीची कृष्णाकाठची गावं पाण्यात गेली. ते पाणी अथणीच्या ढगातून पडलेलं नव्हतं. सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. त्या वर्षी तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

थोडा हिशेब करू. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते १० कोटी लिटर पाणी होतं. घाटमाथ्यावर असे शेकडो चौरस किलोमीटर आहेत आणि तिथे एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. डोंगरात पाणी जोरात उतरतं. सपाटीला आलं की उतार संपतो, वेग कमी होतो आणि पाणी आडवं पसरतं. त्यात मोठी नदी आधीच भरलेली असली तर उपनदीचं पाणी तिच्यात शिरत नाही, मागे फुगतं. म्हणून ओढ्याकाठच्या गावांत पाणी वरून न येता खालच्या अंगाने, नदीकडून उलटं चढताना दिसतं. आणि चढलेलं पाणी उतरायलाही आठवडा लागतो.

बातमीतले आकडे कसे वाचायचे

बातमीत "एक लाख क्युसेक विसर्ग" म्हणतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर. हा विसर्ग दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीपेक्षा जास्त पाणी होतं. हिडकलची क्षमता सुमारे ५१ टीएमसी, म्हणजे सहा दिवसांत अख्खं हिडकल भरेल इतकं पाणी. आता कळेल की विसर्ग वाढवल्याची बातमी आली की काठावरची होडी वर का ओढायची.

पावसाचेही शब्द ठरलेले आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. वाऱ्यासाठी आपला अंदाज 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या विभागात येतो. पण कृष्णेच्या पुरासाठी तोच बघून चालत नाही. पुरासाठी 'मध्य महाराष्ट्र', आणि त्यातही सातारा-कोल्हापूरच्या घाटमाथ्याचा इशारा बघा. कोयनेचा विसर्ग, सांगलीची पातळी, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी (इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट) आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी, हे सगळं आपल्यासाठी आधीचं पत्र आहे. तिथलं पाणी आपल्यापर्यंत यायला एखाद-दोन दिवस जातात. तेवढा वेळ होडी, इंजिन, जाळी, जनावरं आणि कागदपत्रं वर न्यायला पुरतो. पाणी अंगणात आल्यावर पुरत नाही.

चढणीचे मासे आणि बंधारे

पहिल्या पुराला चढणीचे मासे धरायला सगळा गाव ओढ्यावर जमतो. रात्रीची बॅटरी, पोरंसोरं बरोबर. मजा असते, नाही म्हणत नाही. पण त्याच रात्री वीज असते, गढूळ पाण्यात तळ दिसत नाही आणि ओढा तासाभरात छातीपर्यंत चढतो. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत आलं तरी माणसाचा पाय सुटतो. शिवाय ते मासे अंड्यांवर आलेले असतात. ते धरले तर पुढच्या वर्षी आपल्याच जाळ्यात कमी येणार. आपणच मच्छीमार असून हे करू नये असं मला वाटतं.

कोल्हापुरी बंधारा पाण्याखाली गेला की वरून पाणी गुळगुळीत दिसतं. पण बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला पाणी उलटं फिरतं आणि त्यात गेलेली होडी किंवा माणूस पुन्हा पुन्हा आत ओढला जातो. बुडालेल्या बंधाऱ्यावरून होडी कधीही नेऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी.

पुरात मदतीला जाताना

पूर आला की पहिली हाक आपल्यालाच येते, कारण होडी आपल्याकडे असते. जायलाच पाहिजे. पण ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची होडी उलटली आणि दहाहून जास्त माणसं बुडाली. होडीत माणसं जास्त झाली होती. घाबरलेला माणूस "मला पण घ्या" म्हणतो आणि आपलं मन मोडत नाही. पण नाही म्हणायला लागतं. होडीवर किती माणसं बसतील तो आकडा आत्ताच रंगाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. म्हणजे ऐन वेळी वाद नको. आधी लहान मुलं, म्हातारी माणसं आणि बायका, सामान नंतर. गुऱ्हाळाची काहील हा शेवटचा पर्याय, तीही वाहत्या पाण्यात अजिबात नको.

होडीमालकांना एक स्पष्ट विनंती

शेवटचं आणि महत्त्वाचं. पाण्यावर असलेल्या माणसाला सगळं कळत असतं. तरी तो परतत नाही, कारण जाळं मालकाचं असतं आणि नुकसान वाट्यातून कापलं जाईल ही भीती असते. ढग उभे असताना मालकाचा फोन जातो, "जाळी काढूनच ये." त्या एका वाक्यासाठी माणूस अर्धा तास जास्त थांबतो.

म्हणून अण्णा, मामा, दादा, सगळ्या मालकांना सांगणं आहे. गडगडाट ऐकून जो माघारी आला, त्याच्या वाट्याला हात लावू नका. सोडून आलेलं जाळं दुसऱ्या दिवशी बहुतेक सापडतं. नाही सापडलं तरी जाळ्याची किंमत काढता येते. घरच्या बायकांनाही सांगतो, वहिनी, अक्का, तुम्ही फोन करून "या आता" म्हटलं तर तो भित्रेपणा नाही. काठावरून ढग जास्त लांबपर्यंत दिसतात.

सरकारच्या मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख. हप्ता सरकार भरतं, वय १८ ते ७० पाहिजे. ज्यांचं नाव नोंदलेलं नाही त्यांनी आधार कार्ड आणि बँक पासबुक घेऊन कार्यालयात या. पण विमा घरच्यांच्या हातात पैसे देतो, माणूस देत नाही.

आपल्या प्रत्येक घाटावर एक-दोन माणसं ठरवू. दुपारी तीननंतर त्यांनी अॅप बघायचं, ढग बघायचे आणि पाण्यावरच्या सगळ्यांना फोन करायचा. ज्यांना हे काम घ्यायचं आहे त्यांनी आपलं नाव आणि घाट खाली लिहा. येत्या बैठकीत यादी पक्की करू.

आपला,
सचिव